उथळ समुद्रतळाचे आकाशातून नकाशांकन : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

निम्न दुधना प्रकल्पाचा जलाशय परतूर व सेलू परिसरातील लोकांच्या नित्य परिचयाचा आहे. हाच जलाशय उपग्रहाने निकट अवरक्त किरणांत टिपलेल्या प्रतिमेत पाहिला, तर भोवतालची उभी पिके तांबडी दिसतात आणि पाणी मात्र काळेभोर दिसते. निकट अवरक्त किरण पाण्यात शिरताच शोषले जातात व उपग्रहाकडे जवळजवळ काहीच परत येत नाही, हे त्याचे कारण होय. या गुणधर्मामुळेच धरणांचे जलक्षेत्र, पाझर तलाव, पुराखालील जमीन यांची मोजणी सुलभ झाली आणि मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशाला सुदूर संवेदनाची ओळख प्रामुख्याने याच मार्गाने झाली. पाणी कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर प्रतिमा तत्काळ देते. पाण्याच्या खाली काय आहे, असा प्रश्न विचारला की तीच प्रतिमा मुकी होते.

समुद्रकिनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात हा दुसरा प्रश्नच महत्त्वाचा असतो. प्रवाळ, समुद्रशैवाल, समुद्रगवत, वाळू आणि खडक यांची तेथील मांडणी माशांची वीण कोठे होणार, जाळे कोठे टाकता येणार आणि कोणते क्षेत्र संरक्षित करावयाचे, हे ठरविते. महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत ठळक संदर्भ म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचे सागरी अभयारण्य. या अभयारण्याची घोषणा १३ एप्रिल १९८७ रोजी झाली. भारताचा पहिला कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए हा त्यानंतर अकरा महिन्यांनी, १७ मार्च १९८८ रोजी, बैकानूर येथून अवकाशात गेला. समुद्रावर रेषा आधी आखली गेली आणि तळाचे चित्र काढण्याचे देशी साधन नंतर आले. या क्रमाचे परिणाम काय झाले, हे प्रस्तुत लेखात समुद्रतळाच्या नकाशांकनाच्या इतिहासाच्या आधारे पाहावयाचे आहे.

ओळंबा, वाव आणि चरबी :

समुद्रतळाच्या नकाशाचा इतिहास विमानापासून सुरू होत नाही. दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जे अंतर भरते ती वाव. कोकणातील दर्यावर्दी पाण्याची खोली वावांत सांगत आणि इंग्रजी नौकानयनातील सहा फुटांचे फॅदम हे माप त्याच शरीरमानावर आधारलेले आहे. दोरीच्या टोकाला शिशाचा ओळंबा बांधून तो तळाला टेकेपर्यंत सोडावयाचा आणि भिजलेली दोरी वावांनी मोजावयाची, ही पद्धत शतकानुशतके चालत आली. या ओळंब्याच्या बुडाला एक खोलगट खाच असे व तीत चरबी भरलेली असे. ओळंबा वर ओढला की चरबीला चिकटलेली वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा दिसे; काहीच न चिकटता चरबीवर नुसता ठसा उमटला तर तळ खडकाळ समजावयाचा. खोलीच्या आकड्याशेजारी तळाच्या प्रकाराचे आद्याक्षर नकाशावर लिहिले जाई. आज ज्याला अधिवासाचा नकाशा म्हटले जाते त्याचे हे मूळ रूप मानावयास हरकत नाही.

ब्रिटिश अमलात भारतीय किनाऱ्याच्या अशा मोजणीसाठी १८७४ साली कलकत्ता येथे सागरी सर्वेक्षण विभाग स्थापन झाला व कमांडर ए. डी. टेलर हे त्याचे प्रमुख झाले. स्वातंत्र्यानंतर हे कार्य नौदलाकडे आले आणि १९५४ पासून त्याचे मुख्यालय समुद्रापासून दूर, डेहराडून येथे आहे. या सर्वेक्षणांचा हेतू जहाजांची सुरक्षितता हा होता. त्यामुळे नकाशावरील खडक म्हणजे टाळावयाची जागा, एवढाच त्याचा अर्थ राहिला. मालवणच्या गाबीत मच्छीमाराच्या दृष्टीने तेच खडप म्हणजे मासळी जमण्याचे ठिकाण असते, आणि रापण ओढणाऱ्याच्या दृष्टीने जाळे फाटण्याचे. एकाच दगडाला तीन अर्थ आहेत व त्यांपैकी एकच छापील नकाशावर उतरला.

उथळ समुद्राच्या या ज्ञानाला मालवण येथे फार जुने राजकीय मोलही आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ केला व १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. बेटाभोवती पसरलेले पाण्याखालचे खडक हीच या दुर्गाची पहिली तटबंदी होती. वाटेचा जाणकार नसलेल्या परक्या जहाजाला तेथून सुखरूप येणे कठीण होते. हे ज्ञान कागदावर नव्हते. ते नाव हाकणाऱ्यांच्या स्मरणात होते व त्याचे सामर्थ्य ते कागदावर नसण्यातच होते. पुढील तीनशे वर्षांचा इतिहास हा एका अर्थाने हे ज्ञान कागदावर उतरविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

आकाशातील कॅमेरा :

फ्रान्समध्ये नादार याने १८५८ साली बलूनमधून छायाचित्र घेतले, हा आकाशछायाचित्रणाचा आरंभबिंदू सामान्यतः सांगितला जातो. पहिल्या महायुद्धाने विमान व कॅमेरा यांची सांगड घातली. भारतीय उपखंडाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना १९२४ सालची आहे. त्या वर्षी तत्कालीन ब्रह्मदेशात इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशातील भरतीच्या पाण्यात उभ्या असलेल्या जंगलांचे विमानातून सर्वेक्षण झाले. चिखलामुळे जेथे माणूस चालू शकत नाही आणि नावही पुढे जात नाही, अशा ठिकाणी आकाशातील दृष्टी किती उपयोगी पडते हे त्यातून सिद्ध झाले. त्यानंतर लवकरच, १९२८-२९ साली, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील लो आयल्स येथे सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली प्रसिद्ध वैज्ञानिक मोहीम झाली. या प्रवाळबेटांच्या अभ्यासात ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाने घेतलेली छायाचित्रे आणि जमिनीवरील काटेकोर मोजणी यांचा एकत्र उपयोग झाला. प्रवाळक्षेत्राच्या नकाशासाठी वरून पाहणे व खाली उतरून पडताळणे, ही जोडी तेव्हापासूनच ठरून गेली.

दुसऱ्या महायुद्धात या विद्येने वेगळेच वळण घेतले. शत्रूच्या ताब्यातील किनाऱ्यावर सैन्य उतरवावयाचे तर तेथील पाण्याचा उतार ठाऊक हवा आणि तेथे ओळंबा टाकण्यास तर कोणी जाऊ शकत नाही. लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग व लांबी कमी होते. एकामागून एक घेतलेल्या छायाचित्रांतून लाटांचा हा बदल मोजून किनाऱ्याची खोली काढण्याची पद्धत ब्रिटिश अभ्यासकांनी तेव्हा विकसित केली. येथे तळ दिसणे आवश्यक नव्हते. वर चाललेल्या लाटेवरून खालच्या तळाचा अंदाज बांधला जात होता.

भारतात छायाचित्रवाचनाचे पद्धतशीर शिक्षण १९६६ साली नेदरलँड्सच्या सहकार्याने डेहराडून येथे स्थापन झालेल्या संस्थेतून सुरू झाले. प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी १९७०च्या सुमारास केरळमधील नारळाच्या बागांवर अवरक्त फिल्मच्या साहाय्याने केलेला प्रयोग हा भारतीय सुदूर संवेदनाचा प्रारंभ मानला जातो. डोळ्यांना निरोगी दिसणारी रोगट झाडे त्या फिल्मवर ओळखू आली. ही झाडे समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशातील होती, परंतु कॅमेऱ्याचा रोख जमिनीकडेच होता. समुद्राकडे वळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. अरविंद उंटवाले व त्यांचे सहकारी यांनी सुदूर संवेदनाच्या आधारे गोव्याच्या खाड्यांतील खारफुटीच्या विस्ताराचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध केला. कोकण-गोवा किनाऱ्यावरील या प्रकारच्या कामाचा तो आरंभीचा टप्पा होय. खारफुटी पाण्यावर उभी असते. पाण्याखालच्या प्रवाळाची गोष्ट निराळी.

या काळातील एक अडचण शास्त्रीय नव्हती, प्रशासकीय होती. सुरक्षेच्या कारणास्तव समुद्रकिनारा व आंतरराष्ट्रीय सीमा यांपासून सुमारे ८० किलोमीटर पट्ट्यातील सविस्तर स्थलदर्शक नकाशे प्रतिबंधित वर्गात मोडत. सह्याद्री आणि समुद्र यांमधील कोकणपट्टी या अंतरापेक्षा अरुंद आहे. परिणामी जवळजवळ संपूर्ण कोकण या प्रतिबंधात आले. परतूर वा जालना येथील भूगोलाच्या विद्यार्थ्यास आपल्या तालुक्याचा नकाशा विकत घेता येत होता. मालवणच्या विद्यार्थ्यास तसा घेता येत नव्हता. आकाशछायाचित्रांवरील नियंत्रण त्याहून कडक होते. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने हा निर्बंध सैल केला व फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भूस्थानिक माहिती बऱ्याच प्रमाणात खुली केली. मधल्या काळात किनाऱ्यावरील माणसाला आपल्याच किनाऱ्याचे चित्र पाहण्याची जी वाट मिळाली ती उपग्रहाची होती.

पाण्यात उतरणारा प्रकाश :

सूर्यप्रकाशातील तांबडा रंग पाण्याच्या पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. स्वच्छ पाण्यात निळा रंग सर्वांत खोल जातो. नदीच्या गाळाने व सेंद्रिय द्रव्याने गढूळ झालेल्या पाण्यात मात्र निळा मागे पडतो आणि हिरवा त्याच्यापुढे जातो. तळापर्यंत पोहोचून परत आलेल्या प्रकाशात तळाचा रंग आणि पाण्याची खोली या दोहोंची सरमिसळ असते. त्यामुळे उथळ पाण्यातील काळसर शैवाल आणि खोल पाण्यातील पांढरी वाळू प्रतिमेत एकसारखी दिसू शकतात. डेव्हिड लायझेंगा यांनी १९७८ साली दोन रंगपट्ट्यांच्या गुणोत्तराचा उपयोग करून खोलीचा परिणाम वेगळा काढण्याची गणिती रीत मांडली. पुढील कामाचा मोठा भाग त्याच पायावर उभा राहिला. त्यापूर्वी १९७५ साली नासा आणि झाक कुस्तो यांनी बहामाजवळ संयुक्त प्रयोग केला. उपग्रह वरून जात असताना कुस्तो यांच्या कॅलिप्सो जहाजावरील पाणबुडे खाली मोजमाप घेत होते. त्या नितळ पाण्यात २२ मीटरपर्यंतची खोली लँडसॅटच्या प्रतिमांवरून काढता आली.

बहामाचे पाणी म्हणजे कोकणचे पाणी नव्हे. पावसाळ्यात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या प्रचंड गाळ आणतात व हा गाळ पुढे महिनोन्‌महिने लाटांनी ढवळला जातो. म्हणूनच भारतातील प्रवाळांचे उपग्रहाधारित नकाशांकन प्रथम जेथे परिस्थिती अनुकूल होती तेथे झाले. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीतील अंतर अनेक मीटरांचे आहे व ओहोटीला प्रवाळमंच उघडे पडतात, म्हणजे तेथे पाण्यातून पाहण्याची गरजच बरीच कमी होते. अहमदाबाद येथील अवकाश उपयोजन केंद्रातील शैलेश नायक, अंजली बहुगुणा व त्यांचे सहकारी यांनी कच्छ, मन्नारचे आखात, लक्षद्वीप व अंदमान-निकोबार येथील प्रवाळक्षेत्रांचे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर तयार केले. नव्वदच्या दशकाअखेर त्यांतून देशातील प्रवाळक्षेत्र सुमारे २,३७५ चौरस किलोमीटर असल्याचा अंदाज पुढे आला व तो दीर्घकाळ उद्धृत होत राहिला. या चार प्रमुख क्षेत्रांत महाराष्ट्र नाही. रत्नागिरी, मालवण व रेडी येथील विखुरलेल्या प्रवाळांचा उल्लेख अशा अहवालांतून बहुधा एका वाक्यात उरकलेला आढळतो.

मालवण : रेषा आधी, प्रतिमा नंतर :

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ आहेत, ही गोष्ट विज्ञानाच्या नोंदीत तशी उशिरा आली. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. एस. झेड. कासिम व डॉ. एम. व्ही. एम. वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे १९७९ साली नोंदविले. त्याच संस्थेचे डॉ. ए. एच. परुळेकर यांनी १९८१ साली मालवणच्या सागरी प्राणिजीवनावर लिहिले. ही सर्व नोंद ओहोटीला खडपांवर चालत जाऊन, पाण्यात उतरून व नमुने गोळा करून झालेली होती. तिच्या पाठोपाठ सहा वर्षांत अभयारण्य जाहीर झाले, हे शासनाच्या नेहमीच्या गतीचा विचार करता लक्षणीय म्हणावे लागेल.

अभयारण्याचे एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर असून त्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर हा गाभा व उरलेला २५.९४ चौरस किलोमीटर हा भोवतालचा परिसर आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालील खडक गाभ्यात येतात. सीमेचे वर्णन मालवण बंदराजवळ किनाऱ्यापासून ५० मीटर, वाळूच्या अर्धवर्तुळाकार किनाऱ्याला समांतर ५०० मीटर आणि पुढे नावाने ओळखले जाणारे खडक, अशा खुणांनी केलेले आहे. हे वर्णन काळजीपूर्वक वाचले असता एक गोष्ट ध्यानात येते. त्यात प्रवाळ कोठे आहे, शैवाल कोठे आहे, वाळू कोठे संपते, यावर सीमेचा कोणताही बिंदू अवलंबून नाही. पाण्यावर दिसणारा खडक आणि किनाऱ्यापासूनचे अंतर हाच आधार आहे. क्षेत्रफळ दशांशचिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत दिलेले असले, तरी ती अचूकता भूमितीची आहे, अधिवासाची नव्हे.

त्या वेळी दुसरे काही करता आले असते काय? विदेशी उपग्रहांच्या प्रतिमा उपलब्ध होत्या, हे मान्य केले पाहिजे. लँडसॅट १९७२ पासून व फ्रान्सचा स्पॉट १९८६ पासून कार्यरत होता. पण प्रतिमेच्या बारकाव्याचा हिशेब शेतीच्या परिचित मापाने मांडला तर अडचण स्पष्ट होते. लँडसॅटच्या सुरुवातीच्या संवेदकाचा एक पिक्सेल सुमारे ७९ मीटर बाजूचा, म्हणजे जवळपास ६२ गुंठ्यांचा होता. आयआरएस-१ए वरील लिस-१ चा पिक्सेल ७२.५ मीटरांचा, म्हणजे ५२ गुंठ्यांचा. या हिशेबाने ४८ एकरांचा सिंधुदुर्ग किल्ला अवघ्या ३७ पिक्सेलांत बसतो आणि अभयारण्याचा सारा गाभा सुमारे ६०५ पिक्सेलांत. मालवणचे प्रवाळ हे लक्षद्वीपसारखे अखंड मंच नाहीत. खडकांच्या अंगावर, कपारींत, काही हातांच्या अंतराने वाढलेल्या त्या सुट्या वसाहती आहेत. सव्वा एकराच्या एका ठिपक्यात त्या सापडणे शक्यच नव्हते.

पुढे बारकावा वाढत गेला. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१सी वरील लिस-३ संवेदकाने २३.५ मीटर, म्हणजे साडेपाच गुंठ्यांपर्यंत मजल मारली. ऑक्टोबर २००३ मध्ये सोडलेल्या रिसोर्ससॅट-१ वरील लिस-४ ने ५.८ मीटर, म्हणजे एक तृतीयांश गुंठा. गाभ्याचे पिक्सेल ६०५ वरून सुमारे ५,७६० आणि मग ९४,६०० झाले. परंतु या प्रगतीत एक उणीव दडलेली होती व तिच्याकडे सर्वसाधारण लेखनात फारसे लक्ष गेलेले नाही. लिस-१ मध्ये निळा पट्टा होता. लिस-३ व लिस-४ मध्ये तो नाही. पिके, जंगले व जमीन यांच्यासाठी निळ्यापेक्षा अवरक्त पट्टे मोलाचे असल्याने ही निवड शेतीप्रधान देशाला साजेशी होती. समुद्रतळाच्या अभ्यासकाला मात्र ठिपका लहान मिळाला आणि खोल उतरणारा रंग गमवावा लागला. लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात ही हानी मोठी. मालवणच्या गढूळ पाण्यात हिरवा पट्टाच मुख्य आधार असल्याने ती तुलनेने कमी. निळा पट्टा दहा मीटर बारकाव्यासह व विनामूल्य मिळू लागला तो जून २०१५ मध्ये सोडलेल्या युरोपच्या सेंटिनेल-२ए पासून.

दुसरी अडचण जीवशास्त्रीय आहे. प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहतात व त्यांच्यातही हरितद्रव्य असते. त्यामुळे प्रकाशाच्या दोन-तीन रुंद पट्ट्यांत प्रवाळ आणि समुद्रशैवाल एकमेकांसारखे दिसतात. मालवणच्या खडपांवर सरगॅसम या तपकिरी शैवालाची दाट वाढ होते आणि तिचा भर हिवाळ्यात असतो. पावसाळ्यात ढगांमुळे प्रतिमा मिळत नाही. पावसाळ्यानंतर पाणी निवळते तेव्हाच हे शैवाल वाढून खडक झाकते. पाणी पारदर्शक असते त्या दिवसांतच तळावर आणखी एक पडदा पडलेला असतो, असा हा पेच आहे.

तिथी आणि उपग्रहाची वेळ :

उथळ समुद्राची प्रतिमा ओहोटीच्या वेळी घ्यावी, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही. तथापि सूर्यसमकालिक उपग्रह एखाद्या ठिकाणावरून नेहमी ठरावीक स्थानिक वेळी जातो. भारतीय सुदूर संवेदन उपग्रहांची ही वेळ सकाळी साडेदहाच्या आसपास असते. कोकण किनाऱ्यावर तिथीच्या पाऊणपट वाजता भरती येते, असा एक पारंपरिक ठोकताळा आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा व अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास. हा ठोकताळा स्थानपरत्वे थोडा मागेपुढे होतो, पण तत्त्वतः खरा आहे. सर्वांत मोठी ओहोटी उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे येते आणि तेव्हा ओहोटीची वेळ पहाटे व सायंकाळी पडते. साडेदहा वाजता तेव्हा पाणी भरतीकडे चढलेले असते. उलट अष्टमीच्या सुमारास साडेदहाच्या जवळपास ओहोटी असते खरी, पण ती भांगाची. पाणी फारसे उतरतच नाही. याचा अर्थ असा की, सकाळी साडेदहाला येणारा उपग्रह कितीही वर्षे फिरत राहिला, तरी उधाणाच्या ओहोटीत पूर्ण उघडी पडलेली मालवणची खडपे त्याला दिसण्याचा योग नाही. ज्या खडपांवर गावातील स्त्रिया कालवे काढण्यास जातात, ती नेमकी त्याच्या वेळेबाहेर उघडी पडतात.

ही केवळ तांत्रिक बाब नाही, कारण या प्रतिमांवर व त्यांतून निघालेल्या नकाशांवर कायद्याचा भार पडत गेला. फेब्रुवारी १९९१च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने प्रवाळ व खारफुटीची क्षेत्रे सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या वर्गात घातली आणि भरतीरेषेचे नकाशे अनिवार्य केले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये दुरुस्ती झाली. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यावयाचा झाल्यास त्याच्या मर्यादा केंद्र शासनाच्या प्रमुख नौदल जलसर्वेक्षकाशी विचारविनिमय करून आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितसंबंधांच्या रक्षणासाठी पुरेशी उपाययोजना करून ठरवाव्यात, अशी तरतूद तीत आली. ओळंब्याच्या परंपरेचा वारस असलेला अधिकारी आणि मच्छीमाराचे हित अशा प्रकारे एकाच कलमात एकत्र आले. मालवणची रेषा मात्र त्याच्या चार वर्षे आधी आखून झाली होती. २००१ साली प्रवाळांचा समावेश या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत झाला व त्यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले.

अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनी आरंभापासून विरोध केला. आपल्याला विचारले गेले नाही, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. या विरोधाला निसर्गसंवर्धनाविषयीची उदासीनता समजणे चुकीचे ठरेल. रापण ही किनाऱ्यावरून हातांनी ओढली जाते व तिला वाळूचा तळ लागतो. प्रवाळ खडकावर वाढतो. दोहोंच्या जागा मुळात वेगळ्या आहेत. तळाचा विश्वसनीय नकाशा असता, तर संरक्षण आणि मासेमारी यांची क्षेत्रे तळाच्या स्वरूपानुसार वेगळी करण्याची चर्चा तरी होऊ शकली असती. किनाऱ्यापासूनच्या अंतरावर आधारलेल्या रेषेत वाळू आणि खडक दोन्ही सारखेच अडकतात. खडपांची खरी माहिती ज्यांच्याजवळ होती त्यांनाच नकाशाबाहेर ठेवले गेले, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २०१० नंतरच्या दशकात सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी राबविलेल्या जैवविविधता प्रकल्पात मासेमारी व पर्यटन हे व्यवसाय आणि संवर्धन यांचा एकत्र विचार झाला, परंतु १९८७च्या रेषेवरून निर्माण झालेला अविश्वास त्याच्याही वाट्याला आला.

ड्रोन आणि पुन्हा ओळंबा :

ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनंतर आकाशछायाचित्रण पुष्कळ सुलभ झाले. ग्रामीण महाराष्ट्राला ड्रोनचा परिचय गावठाणांच्या मोजणीमुळे आधीच झालेला होता. पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावापासून सुरू झालेली ही मोजणी पुढे स्वामित्व योजनेद्वारे मराठवाड्यातही आली. घराच्या भिंतीची रेषा काही सेंटिमीटरांच्या बारकाव्याने टिपणारे तेच साधन समुद्रावर नेले, तर प्रवाळाची एकेक वसाहत दिसू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ड्रोन साडेदहाला बांधलेला नाही. पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेला सकाळी पाणी उतरलेले असताना, वारा सुटण्यापूर्वी व सूर्याची चकाकी कमी असताना तो उडविता येतो. कोणत्या दिवशी किती वाजता उडवावयाचा, हे ठरविताना मालवणच्या मच्छीमाराचा तिथीचा हिशेब संगणकाच्या भरती-कोष्टकाशेजारी ठेवता येतो. गावठाणाच्या मोजणीत ड्रोन उडण्यापूर्वी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात व त्या वेळी मिळकतधारक समक्ष हजर असतो. समुद्रावरील मोजणीत मच्छीमारास तसे हजर ठेवणारी प्रक्रिया अद्याप रूढ झालेली नाही.

२०२१ साली जगातील उथळ प्रवाळांचा उपग्रहाधारित ॲलन कोरल ॲटलस पूर्ण झाला. अशा जागतिक नकाशांत गढूळ पाण्यातील विखुरलेल्या प्रवाळांना न्याय मिळणे कठीण असते. मालवणच्या रॉक गार्डनच्या खडकांत ओहोटीला पायाशी दिसणारा प्रवाळ ओळखण्यास अजूनही गुडघाभर पाण्यात उभे राहावे लागते.

विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटर अंतरावर आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळपठार आहे. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला मिळालेले आहे. त्याचा सर्वांत उथळ भाग सुमारे २० मीटर, म्हणजे अकरा वाव पाण्याखाली आहे. ते प्रादेशिक समुद्राच्या बारा सागरी मैलांच्या मर्यादेबाहेर असल्याने मालवणसारखे अभयारण्य तेथे जाहीर करता येत नाही. त्यासाठी १९७६च्या सागरी क्षेत्र अधिनियमाचा आधार शोधावा लागतो. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्याने तेथील पाणी मालवणपेक्षा पुष्कळ नितळ आहे. तरीही तेथील प्रवाळाचा नकाशा करावयाचा तर जहाज न्यावे लागते, ध्वनिलहरी तळाकडे सोडून खोली मोजावी लागते, आणि पाणबुड्याला खाली उतरून त्या तळावर काय वाढले आहे हे हाताने लिहून आणावे लागते.